टकटक मावशीचं काम

संस्थेत येणारी मुलं तिला टकटक मावशी म्हणत, आणि हे नाव तिला मुळीच आवडत नसे. लाडाने ठेवलेलं असतं तर गोष्ट वेगळी. पण शाळेतल्या कडक मास्तरांना पोरं जशी नावं ठेवतात तसं हे होतं, पाठीमागे घ्यायचं आणि थोडं घाबरून घ्यायचं.

ज्या मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवावं लागतं, त्यांची आणि आईबापांची भेट घडवून आणणारी ही संस्था. कोर्ट म्हणतं, भेट व्हावी, पण कोणाच्या तरी नजरेखाली व्हावी. मग मूल पुढच्या दाराने येतं, आई किंवा बाप मागच्या फाटकाने, आणि मधल्या खोलीत थोडा वेळ ती दोघं पुन्हा एकमेकांची होतात. इमारतीत पूर्वी दातांचा दवाखाना होता. भेटीच्या खोलीत फरशीतून दात काढायच्या खुर्चीचे बोल्ट अजून वर आलेले होते, त्यांच्यावर गालिचा घातला होता आणि गालिच्यावर खेळणी. "या खोलीत माणसं पूर्वीही रडायचीच," असं संस्थेच्या मोठ्या बाई पाहुण्यांना सांगत आणि पाहुण्यांच्या आधी स्वतःच हसत.

मावशीचं काम ऑफिसातलं. कुठली खोली कोणाला, कधी, हे ती ठरवी. ज्या दोघांनी एकमेकांसमोर येऊ नये असं कोर्टाचं म्हणणं, ते दोघे जिन्यात समोरासमोर येणार नाहीत हे ती बघे. किल्ल्या तिच्याकडे. आईबापांचे फोन काढून घेऊन कप्प्यात ठेवायचे, परत द्यायचे. खेळण्यांचे सेल बदलायचे. तुकडे जुळवायच्या चित्रांचे खोके उघडून, हत्तीची सोंड हरवली आहे का, बघत बसायचं. प्लॅस्टिकचे चेंडू साबणाच्या पाण्यात धुवायचे. मुलांसाठी काहीतरी करावं म्हणून ती चांगली कापडाच्या कारखान्यातली हिशेबनिसाची नोकरी सोडून इथे आली होती, आणि आता चेंडू धूत होती. मुलांशी बोलणं, त्यांना जवळ घेणं, त्यांचं ऐकणं ही सगळी शिकलेल्या ताईंची कामं. ताई खोलीच्या भिंतीतल्या काचेपलीकडे बसून भेट पाहत, टिपणं काढत. मावशीला फाइल उघडायचाही अधिकार नव्हता. कोणाच्या घरात काय झालं, हे ती फक्त माणसांच्या चपलांवरून आणि डोळ्यांवरून ताडत असे, आणि बहुतेक वेळा चुकत असे.

फक्त एक काम असं होतं की ज्यात तिचा आणि मुलांचा संबंध येई, आणि नेमकं तेच कुणाला नको असलेलं. भेटीच्या खोलीत पूर्वी घड्याळ होतं. पण आया पोराकडे बघायचं सोडून घड्याळाकडेच बघत बसत, म्हणून मोठ्या बाईंनी ते उतरवलं. मग वेळ संपत आली हे कळणार कसं? तर मावशीने दार वाजवायचं. शेवटची दहा मिनिटं उरली की बोटाच्या पेराने दोनदा, हळू. आत जायचं नाही, बोलायचं नाही, वाजवून निघून यायचं. नंतर ताई जाऊन मुलाला घेऊन येत. झालं, एवढंच. पण त्या एवढ्याने एका मुलाने दारावर आतून लाकडी ठोकळा फेकून मारला होता, आणि दुसरं एक कार्टं तिला नुसतं बाहेर पाण्याच्या नळाशी पाहून भोकाड पसरत असे, जसं काही हिने त्याचं घोडं मारलंय.

"त्यात काय एवढं?" तिची थोरली जाऊ म्हणायची. दोघींचे नवरे गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत. थोरली दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, जीभ अशी की कात्रीला लाजवेल. "मला पोरं सुईवरनं ओळखायची, तुला दारावरनं ओळखतात."

"तुमच्या सुईने पोरं बरी व्हायची, जाऊबाई. माझ्या टकटकीने काय होतं?"

"दार वाजतं," थोरली म्हणाली. "ते तरी कोण वाजवतं आजकाल? सगळीकडे बेल आहे."

धाकटी हसली, पण ते तिच्या मनात राहिलं. अशा गोष्टी मनात राहतातच. माणूस दिवसभर राबतो आणि संध्याकाळी त्याला कुणीतरी विचारतं, काय केलंस? तेव्हा 'चेंडू धुतले, दार वाजवलं' असं सांगताना जो घास घशात अडकतो, तो पाण्याने खाली जात नाही.

त्या वर्षी तिचा जीव एका मुलीत अडकला होता. नियमाप्रमाणे अडकायला नको होता, पण जिवाला नियम कोण वाचून दाखवणार? मुलगी पाच-सहा वर्षांची, एका जागी दोन क्षण ठरत नसे, म्हणून तिची आई तिला भिंगरी म्हणायची आणि मग सगळेच म्हणायला लागले. ही एकटीच अशी की मावशीला पाहून रडत नसे. मावशी चेंडू धूत असली की शेजारी येऊन उभी राही आणि विचारी, "तू आज पण टकटक करणार?"

"करावी लागते गं."

"बरं," भिंगरी म्हणे, जणू काही तिने परवानगी दिली.

भिंगरीची आई कारखान्यात रात्रपाळी करणारी, सुकलेली, पण भेटीच्या दिवशी केस नीट बांधून येणारी बाई. कधी उशीर नाही, कधी आवाज नाही. तिच्या हातून काय चुकलं होतं ते फाइलला माहीत. काहीतरी मोठं असणार, कारण कोर्टाने शेवटी निकाल दिला: मुलगी कायमची दुसऱ्या घरी जाईल. दूरच्या गावातलं एक जोडपं, चांगलं, मूल नसलेलं. आता एकच भेट, निरोपाची. त्यानंतर मुलगी मोठी होऊन स्वतः शोधत येईपर्यंत काही नाही, पत्र नाही की फोन नाही.

निरोपाच्या भेटीआधी भिंगरीची केस बघणाऱ्या ताईंनी आईला ऑफिसात बसवून समजावलं. मावशी तिथेच कपाट लावत होती, तिच्या कानावर सगळं पडलं.

"हे बघा," ताई म्हणाल्या, "तिला तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे. की आता ती तिकडेच राहणार. की त्यांना आई म्हटलं तरी तुम्हाला राग नाही. आम्ही शंभरदा सांगितलं तरी त्याला काडीची किंमत नाही. आईने मोकळं केलं नाही ना, तर मूल तिकडे जाऊनही वाट बघत राहतं. जेवत नाही, कुणाला जवळ येऊ देत नाही. आम्ही पाहिलंय. तुम्ही सांगाल ना?"

"सांगते," आई म्हणाली. बराच वेळ ती हातातल्या पिशवीच्या बंदाला पीळ देत बसली. "शेवटी सांगते. आधी तिला खेळू दे."

"शेवटी सांगा. पण सांगा."

मावशीने लावून झालेला खण पुन्हा उपसला आणि पुन्हा लावायला घेतला. म्हणजे त्या दिवशीही दार आपल्यालाच वाजवायचंय. एवढं सगळं चाललेलं असताना मध्येच आपली टकटक. जगात दुसरं कोणी नाही, आपण.

तिने हे घरी थोरलीला सांगितलं.

"मग नको वाजवूस," थोरली म्हणाली.

"असं कसं? काम आहे ते."

"आयुष्यात एकदा तरी नको वाजवूस बाई. तुझ्या हातात काही नाही, काही नाही म्हणून रोज माझं डोकं खातेस. खोलीचा वेळ तुझ्या हातात आहे ना? गाडी कधी बोलवायची ते तुझ्याच हातात आहे ना? मग दे की त्या बिचारीला वेळ. तुझ्या खिशातनं काय जातंय?"

धाकटीने त्या रात्री नीट झोप घेतली नाही, पण सकाळी तिचा चेहरा उजळ होता. खरंच, कुणाला द्यायला आपल्याकडे काय आहे, तर वेळ! ताईंकडे शिक्षण आहे, मोठ्या बाईंकडे सही आहे, आणि आपल्याकडे खोल्यांचं वेळापत्रक आहे. इतकी वर्षं आपण ते नुसतं पुसून पुसून लिहीत बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

मग तिने कामाला हात घातला, आणि सांगायला हवं, काम तिने देखणं केलं. निरोपाच्या दिवशी भिंगरीनंतर ज्या बापाची भेट होती त्याला वरच्या मजल्यावरची खोली दिली. वरच्या खोलीत रंगकाम चाललं होतं, तर रंगाऱ्याला गोड बोलून दुसऱ्या दिवसावर ढकललं. नव्या गावाला नेणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला उशिरा यायला सांगितलं. मोठ्या बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शेवटची भेट आहे, राहू दे थोडं जास्त." ताईंना विचारलं, "आज दार नाही वाजवलं तर चालेल? त्यांना घड्याळाशिवाय बसू दे."

ताईंनी सुस्कारा सोडला. "बरं होईल. ती टकटक झाली की माझ्याच छातीत धस्स होतं."

असं सगळ्यांचं एकमत झालं. चांगल्या माणसांचं एकमत झालं की सावध व्हावं, पण तेव्हा ते कोणाला सुचत नाही.

निरोपाच्या दिवशी मावशी लवकर आली. तिने गालिचा झटकला, खोलीतला हीटर आधीच लावून ठेवला, खोकी उघडून पाहिली, हत्तीला सोंड होती. आई मागच्या फाटकाने आली. केस बांधलेले, अंगावर स्वच्छ धुतलेला पण कोपरावर विरलेला स्वेटर. तिने फोन मावशीच्या हातात दिला आणि तिथेच घुटमळली.

"आज तुम्हीच आहात ना?" तिने विचारलं.

"मीच आहे," मावशी म्हणाली. त्या बाईच्या डोळ्यांत काय होतं ते तिने पाहिलं, आणि तिला वाटलं की ही घाबरली आहे. ही टकटकीला घाबरली आहे. "तुम्ही काही काळजी करू नका. निवांत बसा."

आईने मान हलवली आणि ती आत गेली. भिंगरी पुढच्या दाराने आली ती धावतच, बूट दाराशी भिरकावले आणि आत घुसली. दार लागलं.

आणि मावशी टेबलाशी बसली. नेहमीची वेळ आली. तिचा हात सवयीने टेबलाच्या कडेवरून उचलला गेला, तेव्हा तिने तो दुसऱ्या हाताखाली दाबून धरला आणि तिला हसू आलं. आतून भिंगरीच्या हसण्याचा आवाज येत होता. नेहमीच्या वेळेनंतरही येत राहिला. मावशीने खुर्चीला पाठ टेकली. असं सुख तिला या टेबलाशी कधी लाभलं नव्हतं. तिला वाटलं, हे हसणं मी दिलं. चेंडू धुऊन धुऊन शेवटी हे एक काम माझ्या हातून झालं. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने ते पुसलंही नाही, कारण बघायला कोणी नव्हतं.

काचेपलीकडे ताई बसल्या होत्या, पण त्यांचं लक्ष फोनमध्ये गुंतलं होतं. नव्या घरचे लोक दर थोड्या वेळाने विचारत होते: निघालात का? कधी निघणार? आम्ही वाट बघतोय. आणि गाडी, जिला उशिरा बोलावलं होतं, ती वाटेत अडकून आणखी उशिरा आली. दुष्काळात तेरावा महिना. ड्रायव्हर आत येऊन म्हणाला, "मावशी, आता लगेच निघायला हवं, पुढे घाटाचा रस्ता आहे, अंधारात लहान मुलीला घेऊन नको." ताई धावतच खोलीकडे गेल्या.

ताईंच्या हातात एक कसब होतं. मुलाला आईपासून ओढून न्यायचं नाही, कशाच्या तरी मागे न्यायचं. त्यांनी दार उघडलं आणि आनंदाने म्हणाल्या, "भिंगरी, चल तुला गाडी दाखवते! केवढी मोठी आली आहे!"

"खरंच?" भिंगरी म्हणाली आणि सुटलीच. मोज्यांवर धावत मावशीच्या टेबलासमोरून गेली, जाता जाता हात हलवला, मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. ताईंनी दाराशी पडलेले बूट हातात उचलले, उंबऱ्यातूनच आईला विचारलं, "सांगितलंत ना?" आणि उत्तराची वाट न बघता तिच्यामागे धावल्या, कारण मुलगी तोवर रस्त्यापर्यंत पोचली होती. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग ताईंना आणि भिंगरीला घेऊन गाडी गेली.

ना रडारड, ना ओढाताण. सगळं इतकं सुरळीत की मोठ्या बाई आपल्या खोलीतून बाहेर आल्या.

"गेली? एवढ्या शांतपणे? मावशी, तुम्ही तर कमाल केलीत. इतक्या वर्षांत अशी निरोपाची भेट मी पाहिली नाही. हे टकटकीचं प्रकरण आपण बंदच करून टाकू. उगाच त्या पोरांना धक्का."

मावशीचे कान लाल झाले. इथे आल्यापासून मोठ्या बाई तिला किल्ल्यांखेरीज कशाबद्दलही काही बोलल्या नव्हत्या. "अहो, मी काय केलं, नुसतं केलं नाही एवढंच," ती म्हणाली, आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन, कप्प्यातला फोन घेऊन, आईला द्यायला खोलीकडे गेली.

आई गालिच्यावर बसलेली होती. आजूबाजूला चित्राचे तुकडे. ती दाराकडे बघत होती.

"गेली का?" तिने विचारलं.

"गेली. हसत गेली हो. तुम्ही छान समजावलंत."

"गाडी बघायला गेली ना?"

मावशीने पुढे केलेला फोन तिने घेतला नाही.

"तुम्ही दार वाजवलं नाहीत," आई म्हणाली. रागाने नाही. कारखान्यात भोंगा वाजला नाही तर जसं कोणी विचारेल तसं. "मी दाराकडे कान लावून बसले होते."

"मी मुद्दामच... म्हटलं, तुम्हाला जरा जास्त वेळ मिळावा. आज किती तरी जास्त वेळ दिला होता तुम्हाला."

"दिला होता?" आईने तिच्याकडे पाहिलं. "मला कुठे कळलं? मला वाटलं, अजून आहे. आज वेळ लांबच लांब वाटतोय, तरी वाजत नाही म्हणजे अजून आहे." ती चित्राचे तुकडे गोळा करून खोक्यात टाकायला लागली. "आमचं ठरलेलं होतं. म्हणजे बोलून नाही ठरवलं, आपोआप झालं. दार वाजेपर्यंत खेळायचं. आधी काही बोललं की ती खेळत नाही, रडत बसते, मग सगळी भेट तशीच जाते. दार वाजलं की ती आपली आपण उठायची. बूट आणायची आणि माझ्यासमोर पाय धरायची. मी बूट घालता घालता बोलायचे. खाली मान घालून बोलता येतं ना, म्हणून. काय सांगायचं ते सगळं तेव्हाच. घरी नीट वाग, दात घास, मी पुढच्या वेळी येते. तीही तेव्हाच सांगायची, शाळेत कोणी मारलं ते. आमचं जे काही होतं, ते तुम्ही दार वाजवल्यावर होतं. आधीचा सगळा नुसता खेळ."

मावशी दाराला धरून उभी राहिली.

"आज तेच सांगायचं होतं," आई म्हणाली. "त्यांना आई म्हण, मला राग नाही. महिनाभर कामावर मनातल्या मनात म्हणत होते. सारखं म्हटलं की रडू येत नाही, म्हणून. आता न रडता सांगता आलं असतं मला."

"ताई आल्या तेव्हा थांबवायचं तरी! ओरडायचं!"

"मला वाटलं, गाडी दाखवून आणतील. वाजलं नव्हतं ना अजून."

मावशीला काय वाटलं ते सांगायला शब्द शोधायची गरज नाही. तिला मरून जावंसं वाटलं. आपल्या कामात काय अर्थ आहे, हे ती इतकी वर्षं थोरलीला, आरशाला, धुतलेल्या चेंडूंना विचारत होती, आणि उत्तर आज मिळालं, ज्या दिवशी तिने ते काम केलं नाही त्या दिवशी. पेराने दोनदा केलेली टकटक. तिच्यामागे एवढं मोठं काहीतरी चालत होतं आणि ती दरवेळी वाजवून, शरमेने मान खाली घालून, पळून येत होती. एकदाही थांबून तिने आतलं ऐकलं नव्हतं.

ती तशीच मोठ्या बाईंकडे गेली. गाडीला फोन करा, परत बोलवा, थोड्याच वेळाची गोष्ट आहे. मोठ्या बाईंनी तिला पाणी दिलं, बसवलं आणि जे खरं होतं ते सांगितलं. ताईंच्या सहीने मुलगी संस्थेच्या दारातून बाहेर पडली, त्याबरोबर केस तिकडच्या कार्यालयाकडे गेली. आता आई आणि मुलगी समोरासमोर आणणं हा कोर्टाचा अवमान. निरोप पाठवता येईल? ताई तोंडी सांगतील, पण ताईंच्या तोंडचं ती किती ऐकते हे ताईंनाच विचारा. "आणि हे बघा मावशी, ती हसत गेली. तेवढं तरी धरून ठेवा."

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. म्हणूनच त्यांच्याशी भांडताही येईना.

मावशी परत आली तोवर आईने खोली आवरून ठेवली होती. खोकी फळीवर, चेंडू टोपलीत. तिने फोन घेतला, "येते" म्हणाली, आणि ज्या फाटकाने दरवेळी जायची त्या मागच्या फाटकाने गेली. पुन्हा येणार नसलेल्या माणसानेही 'येते'च म्हणायचं असतं, त्याला ती काय करणार. मावशी फाटकापर्यंत गेली. तिला माफी मागायची होती, पण बाहेर त्या बाईच्या कामावर जाणाऱ्या मैत्रिणी उभ्या होत्या, त्यांना पाहून तिने फाटकाची कडी लावली आणि ती परत फिरली.

घरी थोरलीने ताटावर विचारलं, "दिलास वेळ?" धाकटीने सांगितलं. सगळं सांगितलं. थोरली उठली, धाकटीच्या पाठीवरून हात फिरवला आणि तशीच उपाशी आत जाऊन पडली.

ड्रायव्हर दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीची किल्ली द्यायला आला. तरुण पोरगा, बोलका, रस्ताभर गाणी म्हणणारा. मावशी टेबलाशी बसली होती. समोर मोठ्या बाईंची नवी सूचना होती, यापुढे भेटीच्या खोलीचं दार वाजवू नये.

"नीट पोचली?" तिने विचारलं.

"एकदम नीट. गुणी पोरगी आहे, मावशी. एक टिपूस नाही काढलं डोळ्यातून. ताई मागे झोपल्या, तर ही माझ्याशी गप्पा मारत होती. फक्त बूट घालू देईना. ताईंनी तीनदा घातले, तीनदा काढून टाकले."

"का?"

"म्हणे, आई घालणार आहे. मी म्हटलं, अगं आई तर मागे राहिली. तर म्हणते कशी, राहू दे, आपण गाडी फिरवून परत जाणार आहोत, अजून टकटक झालीच नाहीये." ड्रायव्हर हसला. लहान मुलांच्या बोलण्याला माणसं हसतात तसं, मायेने. "तिकडे पोचल्यावर पण तेच. ती नवी आई बिचारी हात पुढे करून उभी, आणि ही पायरीवर बसली अनवाणी. आत येईना."

"मग? तू काय सांगितलंस तिला?"

"काय सांगणार? म्हटलं, होईल हं टकटक. तू बस आत, होईल थोड्या वेळाने. तेव्हा उठली, आणि दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली."

"होईल म्हणालास?"

"मग लहान लेकराला काय सांगायचं, मावशी?"

त्याने किल्ली खिळ्याला अडकवली. पुन्हा तिकडे जायचं आहे का, असं मावशीने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, कशाला, एकदा सोडलं की झालं. आणि तो गाणं गुणगुणत निघून गेला. मधल्या खोलीत कुणाचा तरी बाप आपल्या मुलाबरोबर खेळत होता आणि त्यांची वेळ होत आली होती. मावशी उठली. सूचना तिने वाचली होती, तिच्यावर आपली सहीसुद्धा केली होती. ती दाराशी गेली आणि तिने पेराने दोनदा वाजवलं. आतला खेळ थांबला. या खेपेला ती पळाली नाही, दाराला कान लावून उभी राहिली. बाप मुलाला काहीतरी सांगायला लागला, हळू आवाजात, भराभर, आणि ती ऐकत राहिली, जरी तिला ठाऊक होतं की तिकडे दूर एका अनोळखी घरात, दाराजवळच्या खुर्चीवर जी बसली आहे, तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचणार नव्हतं.